‘मोठी कंपनी घेणार आहे’ म्हणतात; शेअर धरून बसू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एका छोट्या कंपनीचे 3,000 शेअर तुमच्याकडे आहेत, सरासरी भाव 74. सहा महिन्यांपूर्वी भाव 41 पर्यंत घसरला होता. मग शेअरधारकांच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये चर्चा सुरू झाली की त्याच धंद्यातली एक बडी कंपनी हिला 110 च्या भावाने विकत घेणार आहे. आता भाव 68 आहे. ग्रुपमधल्या लोकांनी पुराव्यांची भलीमोठी यादी केली आहे, ती तुम्ही पाठवली. मुदत ठेव मोडून आणखी 3,000 शेअर घ्यायचा तुमचा विचार आहे. धाकट्या भावानेही तुमच्या शब्दावर 1,000 घेतलेत. धरून बसू, आणखी घेऊ की बाहेर पडू, असं तुम्ही विचारता.

ठेव मोडू नका. एवढं आधी सांगतो, कारण बाकीचं वाचायला वेळ लागेल आणि ठेव मोडायला पाच मिनिटंही लागत नाहीत. हा शेअर माझ्याकडे नाही आणि कधी नव्हता. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवहारांवर मी 22 वर्षं काम केलं, विकणाऱ्याच्या बाजूने जास्त, घेणाऱ्याच्या बाजूने कमी. त्यामुळे तुमच्या यादीतल्या बहुतेक गोष्टी मी आतून पाहिल्या आहेत.

सुरुवात आकड्यांपासून करू, कारण ग्रुपमधल्या चर्चेत तेच दिसत नाहीत. अफवेच्या आधी भाव 41 होता. व्यवहार झाला तर 110, असं म्हणतात. आज 68 आहे. म्हणजे 41 पासून 110 पर्यंतच्या 69 च्या अंतरातलं 27 बाजाराने आधीच चालून टाकलंय. 27 ला 69 ने भागा, 39 टक्के येतात. आज 68 ला शेअर घेणारा माणूस नकळत असं म्हणतोय की हा व्यवहार, याच भावाला, होण्याची शक्यता 39 टक्क्यांहून जास्त आहे. तुम्ही स्वतःला विचारा, ती तेवढी आहे असं कशावरून? ‘व्यवहार होणार का’ हा प्रश्न अपुरा आहे. शंभरातल्या 39 वेळांपेक्षा जास्त वेळा होईल का, हा खरा प्रश्न. आणि या गणितात मी 41 हा तळ धरलाय. अफवा फुसकी निघाली तर अफवेपायी आलेले सगळे एकाच दारातून बाहेर पडतात. तेव्हा भाव 41 वर थांबेलच असं नाही, आणि छोट्या शेअरला लोअर सर्किट (एका दिवसात भाव पडण्याची ठरवून दिलेली मर्यादा) लागलं की विकायचं म्हटलं तरी गिऱ्हाईक मिळत नाही.

आता तुमचे पुरावे. प्रत्येकाला मी एकच कसोटी लावतो: व्यवहाराचं काहीच चाललेलं नसतं, तर हीच गोष्ट दिसली असती का? कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांनी बड्या कंपनीच्या प्रमुखांच्या पोस्टला पसंती दिली. एकाच धंद्यातले लोक आहेत, दिसलीच असती. संचालक मंडळावर पूर्वी गुंतवणूक बँकेत असलेल्या एक बाई आल्या. स्वतंत्र संचालक बहुधा अशाच पार्श्वभूमीचे असतात, दिसलंच असतं. ‘ट्रेडिंग विंडो बंद केली’, म्हणजे कंपनीच्या आतल्या माणसांना तिच्या शेअरची खरेदी-विक्री काही काळ बंद, हा तुमच्या यादीतला सर्वांत वजनदार पुरावा आहे आणि तोच सर्वांत पोकळ आहे. भारतात शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर 48 तास उलटेपर्यंत आपल्या आतल्या माणसांसाठी ती खिडकी बंद ठेवावीच लागते. तुम्ही पाठवलेल्या सूचनेची तारीख बघा, तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यातली आहे. तीन महिन्यांपूर्वीची, सहा महिन्यांपूर्वीचीही काढून बघा. तारीख सोडली तर मजकूर तोच निघेल.

राहिली शेअरची उलाढाल, म्हणजे रोज किती शेअरची खरेदी-विक्री होते ते. ती चौपट झाली हे खरं आहे. पण अफवा पसरल्यावर उलाढाल वाढली, तर तो अफवेचा परिणाम झाला. त्यालाच अफवेचा पुरावा म्हटलं की वर्तुळ पूर्ण होतं: भाव वाढला म्हणून बातमी खरी आणि बातमी खरी म्हणून भाव वाढणार. अफवा कुठेच नसताना, त्याच्याही आधीच्या दोन-तीन आठवड्यांत उलाढाल वाढली असती तर मी कान टवकारले असते. तुमच्याच तक्त्यात त्या काळात ती सपाट आहे.

व्यवहार आतून कसा दिसतो ते सांगतो. प्रत्येक कामाला टोपणनाव असतं, नदीचं, ताऱ्याचं, काहीही. कागदांवर खऱ्या कंपन्यांची नावं येतच नाहीत. कोणाला काय कळलं आणि कोणत्या तारखेला, याची नोंदवही ठेवावी लागते. भारतात हे कायद्याने बंधनकारक आहे आणि ती नोंद मागाहून बदलता येणार नाही अशा डिजिटल स्वरूपात लागते. कागदपत्रं एका बंदिस्त ऑनलाइन दालनात असतात, कोणी कोणतं पान किती वेळ उघडलं तेही तिथे उमटतं. घेणाऱ्याच्या वकिलांचे तीन-चारशे प्रश्न येतात. त्यातले निम्मे जमिनीचे सातबारे, जुने कर-दावे, कामगारांची थकलेली देणी आणि मोठ्या ग्राहकांचे करार यांबद्दलचे. मी काम केलेल्या एका व्यवहारात किंमत ठरली होती, संचालक मंडळापुढे ठेवायचा मसुदा छापून तयार होता. आदल्या रात्री घेणाऱ्याच्या एका कनिष्ठ वकिलाने सर्वांत मोठ्या ग्राहकाच्या कराराचं शेवटून तिसरं पान उघडलं. तिथे ओळ होती: मालकी बदलल्यास ग्राहकाला नोटीस न देता करार मोडता येईल. धंद्याचा तिसरा हिस्सा त्या एका ग्राहकाकडून येत होता. सकाळी अकरा वाजता व्यवहार फिसकटला. तोपर्यंत बाहेर चार महिने त्या कंपनीबद्दल अफवा होत्या, आणि त्या प्रत्येक अफवेत घेणाऱ्याचं नाव चुकीचं होतं. भाव मात्र त्या चुकीच्या नावावरच वाढला होता.

यातून एक गोष्ट निघते आणि ती जरा कठोर आहे. तुमच्या कंपनीचा व्यवहार खरंच चालू असेल, तर तो ठाऊक असलेल्या माणसांना तुम्हाला सांगायला कायद्याने मनाई आहे. म्हणून जो सांगतो त्याला एक तर ठाऊक नाही, किंवा तो कायदा मोडतोय, किंवा त्याला आपले शेअर तुमच्या गळ्यात घालायचेत. दुसऱ्या शक्यतेने हुरळून जाऊ नका. आतली खरी माहिती हाती आल्यावर जो शेअर घेतो, तो कंपनीचा नोकर नसला तरी सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) 2015 च्या नियमांनुसार आतलाच माणूस धरला जातो. ‘आमचा एक माणूस आत आहे’ असा जो संदेश तुम्ही मला पुढे पाठवलात, तो दुसऱ्या कोणाला पाठवू नका.

तिसऱ्या शक्यतेचं उदाहरण आपल्याच बाजारात घडलंय. साधना ब्रॉडकास्ट ही छोटी टीव्ही कंपनी. 2022 च्या जुलैमध्ये यूट्यूबवर व्हिडिओ आले की अदानी समूह हिला ताब्यात घेणार आहे. तसं काहीही नव्हतं. सेबीने मार्च 2023 च्या आदेशात सगळा हिशेब मांडला. या काळात छोट्या शेअरधारकांची संख्या 2,167 वरून 55,343 वर गेली आणि त्याच काळात प्रवर्तकांपैकी (म्हणजे कंपनी उभी करून तिचा ताबा ठेवणाऱ्यांपैकी) काहींनी आणि मोठ्या शेअरधारकांनी चढ्या भावात आपला माल विकला. हे दोन आकडे मी अनेकांना दाखवतो. पन्नास हजारांहून जास्त माणसं आत आली ती कोणाकडून तरी शेअर घेऊनच आली ना? तुमच्या कंपनीच्या शेअरधारणेचा तिमाही तक्ता शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर असतो. त्यात छोट्या शेअरधारकांची संख्या आणि प्रवर्तकांचा टक्का या दोन ओळी मागच्या चार तिमाहींच्या शेजारी-शेजारी ठेवून बघा. व्यवहार 110 ला होणार असेल तर ज्यांना तो सर्वांत आधी ठाऊक असणार, ते 60 ला का विकत असतील?

बनावट बातमी अशा बाजारांतही चालते जिथे आपल्याला वाटतं की सगळं तपासलं जात असेल. मे 2015 मध्ये एव्हॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीसाठी शेअरमागे 18.75 डॉलरचा देकार, म्हणजे शेअर विकत घेण्याचा प्रस्ताव, थेट अमेरिकी नियामकाच्या अधिकृत संकेतस्थळावर नोंदवला गेला. शेअरचा भाव तेव्हा 7 डॉलरच्याही खाली होता. देकार देणारी संस्था अस्तित्वातच नव्हती. पण भाव पाचव्या हिश्शाने उसळला आणि मग कोसळला. कंपनीच्या प्रमुखाने स्वतः सांगितलं म्हणून तरी खरं मानावं का? ऑगस्ट 2018 मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विट केलं की शेअरमागे 420 डॉलर देऊन टेस्ला बाजारातून काढून घेण्याचा विचार आहे आणि पैशांची सोय झाली आहे. अडीच-तीन आठवड्यांत बेत सोडून दिला. नियामकाशी तडजोडीत मस्क आणि टेस्ला यांना प्रत्येकी 2 कोटी डॉलर भरावे लागले.

आता ज्या मुद्द्यासाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसलो तो. क्षणभर धरून चाला की ग्रुपचं म्हणणं खरं आहे आणि व्यवहार होणार आहे. तरीही ‘कंपनी विकली’ आणि ‘माझ्या खात्यात पैसे आले’ या दोन वेगळ्या घटना आहेत. व्यवहाराच्या टेबलावर खुर्च्या असतात: प्रवर्तकाची, सावकारांची, स्वतः कंपनीची आणि शेवटी छोट्या शेअरधारकाची. पैसा कोणत्या खुर्चीसमोर ठेवला जातो ते व्यवहाराच्या जातीवर ठरतं, आणि तुमच्या ग्रुपमध्ये ‘डील’ हा एकच शब्द सगळ्यांसाठी वापरला जातोय.

प्रवर्तकांचा हिस्सा विकला गेला असं समजा. भारतात 25 टक्क्यांची मर्यादा ओलांडणाऱ्याला, किंवा कंपनीचा ताबा घेणाऱ्याला, इतर शेअरधारकांसमोर किमान 26 टक्के शेअरसाठी खुला देकार ठेवावा लागतो. 26 टक्के, सगळे नव्हेत. तुमच्या कंपनीत प्रवर्तक 52 टक्के आहेत, बाकी 48. या 48 मधल्या प्रत्येकाने आपले शेअर देकारात दिले तर 48 पैकी 26 च उचलले जातील. तुमच्या 3,000 पैकी 1,625 गेले, 1,375 परत आले. देकार संपला की भावाचा आधारही जातो. उरलेले 60 ला विकले गेले तर एकूण सरासरी येते 87. सगळेच शेअर देणार नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे जास्त उचलले जातील. पण 3,000 गुणिले 110 हा जो गुणाकार तुम्ही पत्रात केलाय, तो या वाटेने येत नाही.

शिवाय देकाराची किमान किंमत नियमांच्या सूत्रानुसार बसते, त्यात बाजार चालू असलेल्या मागच्या 60 दिवसांच्या सरासरी भावासारखे निकष असतात. बाजारभाव त्याच्या किती वर गेलाय याच्याशी घेणाऱ्याला देणंघेणं नसतं. एनडीटीव्हीचं बघा. अदानी समूहाचा खुला देकार 294 रुपयांचा होता. देकार वाढवतील या आशेने सप्टेंबर 2022 मध्ये शेअर 500 च्या वर गेला. देकार वाढला नाही. नंतर समूहाने संस्थापकांकडून 342.65 ने शेअर घेतले आणि ज्यांनी खुल्या देकारात शेअर दिले होते त्यांना फरकाचे 48.65 दिले. 500 च्या वर घेतलेल्यांच्या पदरी काय पडलं, याचा हिशेब तुम्हीच करा. तिथे ताबा घेण्याची बातमी शंभर टक्के खरी होती, हे लक्षात घ्या.

कंपनीने एखादा कारखाना किंवा विभाग विकला तर पैसा कंपनीच्या खात्यात येतो. त्यातून आधी कर्ज फिटतं, उरलेलं लाभांश म्हणून वाटायचं की नव्या उद्योगात घालायचं ते संचालक मंडळ ठरवतं. ‘गुंतवणूकदार येतोय’ याचा अर्थ पुष्कळदा नवे शेअर काढून त्याला दिले जातात, म्हणजे आपला वाटा उलट पातळ होतो. आणि आपली कंपनी विकत घेणारी असेल तर भाव अनेकदा घसरतो, कारण जास्त किंमत मोजली अशी बाजाराला धास्ती असते.

सर्वांत जास्त माणसं बुडतात ती दिवाळखोरीतल्या कंपन्यांत, म्हणून इथे जरा थांबतो. तुमच्या कंपनीवर कर्ज बरंच आहे आणि प्रवर्तकांचे शेअर तारण आहेत, हे मी तिच्या अहवालात पाहिलं. दिवाळखोर कंपनी विकली जाते तेव्हा पैसे आधी ज्यांचं देणं बाकी आहे त्यांना मिळतात. त्यांचंच पुरतं भागत नाही, शेअरधारक रांगेच्या टोकाला असतो. डीएचएफएल ही गृहकर्ज देणारी कंपनी पिरामल समूहाकडे गेली, योजना जून 2021 मध्ये मंजूर झाली. बातमी खरी होती, घेणारा भक्कम होता. त्या योजनेत जुन्या शेअरची किंमत शून्य होती. शेवटच्या दिवसांतही तो बाजारात चालू होता आणि माणसं तो घेत होती. जेट एअरवेजची विमानं एप्रिल 2019 मध्ये थांबली, नवा मालक येणार म्हणून शेअर पुढे साडेपाच वर्षं हेलकावे खात राहिला, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून कायमची बंद करण्याचा, आदेश दिला. अमेरिकेतल्या बेड बाथ अँड बियाँड या दुकानसाखळीचे छोटे शेअरधारकही गुप्त खरेदीदाराच्या आशेवर होते. कंपनीने एप्रिल 2023 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, सप्टेंबरअखेर सगळे शेअर रद्द झाले, मोबदला काहीही नाही.

यावर कोणीतरी दिवाळखोरीत गेलेल्या रुची सोया या खाद्यतेल कंपनीचं उदाहरण देतं, तुमच्याही ग्रुपमध्ये दिलेलं दिसतंय. पतंजलीने ती घेतली, जानेवारी 2020 मध्ये शेअर पुन्हा बाजारात आला तो 17 रुपयांच्या आसपास, आणि जूनअखेर 1,500 च्या वर. हे घडलं, खोटं नाही. पण सांगणारे दोन गोष्टी वगळतात. जुन्या शेअरधारकाच्या 100 शेअरचा एक शेअर केला होता. आणि बाजारात फिरणारे शेअर एकूण भांडवलाच्या जेमतेम एक टक्का होते, म्हणून किरकोळ खरेदीनेही भाव रोज वरच्या सर्किटला लागत होता. 100 शेअरवाल्या जुन्या माणसाच्या हाती तेव्हा एकच शेअर होता.

आणि बाजारभावापेक्षा कमी किमतीतही कंपन्या विकल्या जातात. मार्च 2023 मध्ये यूबीएस या स्विस बँकेने क्रेडिट सुईस ही दुसरी स्विस बँक घेतली. शुक्रवारी शेअर 1.86 फ्रँकवर बंद झाला होता, रविवारी किंमत ठरली 0.76 फ्रँक. कंपनी जेव्हा नाइलाजाने विकली जाते तेव्हा घासाघीस करायची ताकद विकणाऱ्याकडे नसते.

करार झाल्यावर तो पार पडेलच असंही नाही, हे दोन उदाहरणांत सांगून पुढे जातो. झी आणि सोनी यांच्या विलीनीकरणाचा करार डिसेंबर 2021 मध्ये झाला, जानेवारी 2024 मध्ये सोनीने तो मोडला, आणि दुसऱ्या दिवशी झीचा शेअर एका दिवसात 30 टक्क्यांहून जास्त पडला. स्पिरिट ही विमान कंपनी जेटब्लू 33.50 डॉलरने घेणार होती. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकी न्यायालयाने अडवलं, शेअर त्या दिवशी 47 टक्के कोसळला आणि नोव्हेंबरात स्पिरिट दिवाळखोरीत गेली. हे सह्या झालेले, जाहीर झालेले करार होते. तुमच्या कंपनीत तर अजून बाजारात तुरी आहेत.

कंपनीने शेअर बाजाराला दिलेल्या खुलाशाबद्दलही तुम्ही विचारलंय. ‘अफवांवर आम्ही भाष्य करत नाही’ या वाक्याचा ग्रुपने अर्थ लावला की नाकारलं नाही म्हणजे खरंच आहे. हे वाक्य वकील लिहून देतात आणि ते मुद्दाम दोन्हीकडे लागू पडेल असं असतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये बेसिक कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केलं की चालू असलेल्या वाटाघाटी खोटं बोलून नाकारणं महागात पडू शकतं, आणि भाष्य न करणं म्हणजे गप्प बसण्यासारखंच. तेव्हापासून शहाणे सल्लागार व्यवहार असो वा नसो, तेच वाक्य देतात. ब्रिटनमध्ये नियम कडक आहे, घेणाऱ्याचं नाव जाहीर झालं की 28 दिवसांत ठाम देकार द्या किंवा माघार घ्या. भारतात बड्या कंपन्यांना आता बातमीमुळे भाव लक्षणीय हलला तर 24 तासांत होय-नाही सांगावं लागतं, पहिल्या 100 कंपन्यांना जून 2024 पासून आणि 250 पर्यंतच्यांना डिसेंबर 2024 पासून. तुमची कंपनी या 250 मध्ये बसत नाही. पण घेणारी म्हणून जिचं नाव घेतलं जातंय, ती बसते. तिने अशा कोणत्या बातमीवर काही खुलासा दिलाय का ते शोधा, आणि दिला असेल तर ग्रुपमधला सारांश न वाचता मूळ पत्र वाचा. ‘चाचपणी’, ‘बंधनकारक नसलेला प्रस्ताव’ आणि ‘अंतिम करार’ या तीन शब्दप्रयोगांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ग्रुपवरून फिरता फिरता ध चा मा होतो.

ग्रुपबद्दल थोडं. तिथली माणसं वाईट नाहीत. बहुतेक तुमच्यासारखीच 70-80 ला अडकलेली आहेत, आणि व्यवहाराच्या आशेने त्यांना रात्री झोप लागते. मला ते समजतं. माझ्या वडिलांनी एका बंद पडलेल्या कंपनीचे शेअर अशाच आशेवर अकरा वर्षं कपाटात जपले होते, आणि त्यांच्याशी त्या विषयावर बोलणं घरात कोणालाच जमलं नाही. पण तुम्ही पाठवलेल्या संदेशांत एक गोष्ट बघा. कर्जाबद्दल ज्या एकाने प्रश्न विचारला त्याला ‘भाव पाडायला आलेला’ ठरवून काढून टाकलं. आता तिथे उरलेत ते फक्त एकाच बाजूचे. अशा ठिकाणी रोज नवा पुरावा मिळतो, कारण पुरावा नाकारणारं कोणी नसतं. नकार आला तर ‘लपवताहेत’, शांतता असेल तर ‘वादळापूर्वीची’, भाव पडला तर ‘मोठे लोक स्वस्तात गोळा करताहेत’. जो अंदाज कोणत्याही घटनेने चुकीचा ठरूच शकत नाही, त्यावर मी माझा एक पैसा लावणार नाही.

मग करायचं काय? वहीत एक किंमत लिहा: व्यवहाराचं नावही काढायचं नाही असं ठरवलं, तर या कंपनीचा शेअर तुम्ही कोणत्या भावाला आज नव्याने घ्याल? विक्री, नफा, कर्ज, तारण शेअर एवढंच बघून. आकडेमोड जमत नसेल तर नोंदणीकृत सल्लागाराला एका भेटीचे पैसे द्या. 3,000 शेअरपुढे ती रक्कम मोठी नाही. तो आकडा 68 च्या आसपास आला तर शेअर ठेवायला हरकत नाही, मग व्यवहार झाला तर वरकमाई. माझा आकडा 68 च्या बराच खाली येतो, म्हणून तुमच्या जागी मी निदान दोन हजार विकले असते. 74 ची खरेदी आहे म्हणून तोटा सोसवत नाही, हे मी समजू शकतो. पण तुमची खरेदी 74 ची आहे हे कंपनीला ठाऊक नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. उरलेल्या हजारावर आशा ठेवायची तर ठेवा, पण तारीख घालून: पुढच्या दोन तिमाहींची शेअरधारणा आणि निकाल येईपर्यंत. तोवर शेअर बाजाराकडे कंपनीचं एकही ठोस पत्र आलं नाही तर तेही काढा.

धाकट्या भावाचं काम तेवढं आजच करा. तो तुमच्या शब्दावर शिरलाय आणि त्याने घेतले 65 ला, म्हणजे आज तो तीन रुपये फायद्यात आहे आणि सहज बाहेर पडू शकतो. त्याला विका किंवा ठेवा असं सांगू नका. 41, 68 आणि 110 हे तीन आकडे सांगा, 39 टक्के कसे आले ते सांगा, कंपनीवर कर्ज किती आणि तारण किती ते सांगा. आणि ‘आत आपला माणूस आहे’ असं तुम्ही त्याला म्हणाला होतात, तो माणूस कोण हे तुम्हालाही ठाऊक नाही, हेही सांगा.